त्रिकोणासन: पावलांपासून वर

एकाच आसनावर अख्खी पुस्तिका कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. योगासनांच्या नेहमीच्या पुस्तकात त्रिकोणासनाला फार तर एक पान मिळते: एक चित्र, पाच-सहा ओळींची कृती आणि खाली फायद्यांची यादी. चित्रातल्या माणसाचा हात जमिनीला टेकलेला असतो. वाचणारा ते चित्र पाहतो, पाय फाकवतो आणि हात खाली न्यायला लागतो. पुढे जे काही बिनसते, ते बहुतेक इथूनच बिनसते.

वर्गात नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हात टेकलाच पाहिजे ना?’ ज्यांचा टेकतो त्यांना आसन आले असे वाटते, ज्यांचा टेकत नाही ते हिरमुसतात. या पुस्तिकेचे म्हणणे असे, की त्रिकोणासनाचे मोजमाप हातावरून करूच नये. ते पावलांवरून करावे, गुडघ्याच्या वाटीवरून करावे आणि खालच्या कुशीच्या लांबीवरून करावे. हे म्हणणे मी पुन्हा पुन्हा मांडणार आहे, कारण आसन निर्धोक करणारी क्रिया आणि आसनाचा लाभ देणारी क्रिया एकच आहे, असे शिकवताना मला सतत दिसत आले आहे. म्हणून ‘घ्यावयाची काळजी’ आणि ‘फायदे’ अशी दोन वेगळी प्रकरणे इथे नाहीत.

आधी थोडे या आसनाच्या घराण्याविषयी. उभ्याने करायची आसने जुन्या ग्रंथांत फारशी नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हठप्रदीपिकेत १५ आसनांचे वर्णन येते, त्यातले एकही उभ्याने करायचे नाही. घेरंडसंहितेतल्या ३२ आसनांत एका पायावरचे वृक्षासन आहे, त्रिकोणासन नाही. त्या ग्रंथांची नजर प्राणायाम आणि ध्यानाकडे होती, त्यामुळे बैठकीला मान मिळणे साहजिकच होते. आज घरोघरी जे त्रिकोणासन केले जाते, त्याला आकार आला तो विसाव्या शतकात, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. म्हैसूरला त्यांचे मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे ते आसने शिकले होते आणि डेक्कन जिमखान्यावर शिकवण्यासाठी त्यांना पाठवले गेले होते. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय अशा दुखण्यांतून गेलेले शरीर, मराठीचा गंध नाही, आणि समोर शिकायला उभे असलेले लोक अंगाने त्यांच्याहून भक्कम. अशा माणसाने आसनाचा विचार ‘कुणाला जमते’ या बाजूने न करता ‘कसे जमवता येते’ या बाजूने केला, यात मला त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ दिसते. १९६६ मध्ये त्यांचे ‘लाइट ऑन योग’ प्रसिद्ध झाले. त्यात आसनांचा क्रम ताडासनापासून सुरू होतो, मग वृक्षासन आणि लगेच उत्थित त्रिकोणासन. पद्मासन आणि शीर्षासन कितीतरी पाने पुढे येतात. मांडी घालून दहा मिनिटे बसवत नाही अशा माणसालाही दोन पायांवर उभे राहता येते, तेव्हा त्याने तिथूनच आत यावे, असा तो क्रम आहे. अतिशय माणुसकीने लावलेला क्रम आहे तो.

१९७५ मध्ये पुण्यात मॉडेल कॉलनीत रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. भिंतीतले दोर, लाकडी विटा, पट्टे, खुर्च्या, घोडा ही सगळी साधने तिथल्या वर्गांतून जगभर गेली. आज कुठल्याही शहरातल्या योगवर्गात कोपऱ्यात रचलेल्या विटा दिसतात, त्यांचा उगम शोधत गेलो तर आपण पुण्यातच येऊन पोहोचतो.

त्रिकोणासन सगळीकडे एकाच पद्धतीने करतात असे मात्र नाही. शिवानंद परंपरेत वरचा हात कानालगत आडवा नेतात, अय्यंगार पद्धतीत तो सरळ छताकडे जातो. शाळेच्या कवायतीत आपण सर्वांनी केलेला प्रकार तिसराच: पाय फाकवून उजव्या हाताने डाव्या पावलाला आणि डाव्या हाताने उजव्या पावलाला, एक-दोन-तीन-चारच्या तालावर स्पर्श करायचा. पिळलेल्या कमरेने वेगात खाली-वर होण्याचा हा प्रकार शाळकरी वयात पचून जातो. पन्नाशीच्या पाठीला तो सोसेलच असे नाही. मोठ्या माणसांना आसन शिकवताना ही जुनी सवय आधी सोडवावी लागते, कारण ‘त्रिकोणासन’ म्हटले की शरीर आपोआप कवायतीच्या तालात शिरते. इथे ज्याचा विचार केला आहे ते अय्यंगार पद्धतीचे त्रिकोणासन. ते हळूहळू घ्यायचे, थांबायचे आणि तितक्याच हळू सोडायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दोन पावलांत साधारण ३ ते ३.५ फूट अंतर ठेवा असे पुस्तके सांगतात. उंचीप्रमाणे ते कमीजास्त होते, आणि पाय घसरतील अशी धास्ती वाटली तर अंतर जास्त झाले आहे हे नक्की. उजवीकडे जायचे असेल तर उजवे पाऊल ९० अंशात बाहेर आणि डावे किंचित आत. बहुतेकांची घाई इथेच सुरू होते आणि कमर वाकते. थांबा, आणि पावलांकडे पाहा. पुढच्या पावलाच्या अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा असतो, तो वाकताना जमिनीवरून सुटू पाहतो. मागच्या पावलाची बाहेरची कडही तशीच उचलली जाते. बोटे जमीन आवळून धरतात, नखांची टोके पांढरी होतात. बोटे आवळली याचा अर्थ तळवा आपले काम करत नाही. बोटे सैल सोडून अंगठ्याचे बूड, करंगळीचे बूड आणि टाच असे तिन्ही ठिकाणी वजन टेकवता आले, की घोट्याभोवतीचे बारीक स्नायू जागे होतात. नुसते एवढे करून उभे राहिले तरी मांड्यांत ऊब येते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसत नाही, पण आसन तिथे सुरू झालेले असते.

यानंतर गुडघा. त्रिकोणासनात सर्वांत जास्त सांभाळायचा सांधा हाच. पुढचा पाय ताठ असतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूने गुडघ्याची वाटी वर खेचून धरायची असते. यामागे साधे शरीरशास्त्र आहे. मांडीचा पुढचा स्नायू आवळला की मागचा स्नायू सैल पडायला मदत होते, आणि ताण मांडीच्या मधल्या मांसल भागात पसरतो. वाटी सैल राहिली तर तोच ताण गुडघ्याच्या मागच्या पोकळीत, अस्थिबंधांवर जाऊन बसतो. ज्यांचे सांधे मुळातच लवचीक असतात, विशेषतः तरुण मुली, त्यांचा गुडघा सरळ रेषेच्याही मागे झुकतो. आसन करताना त्यांना काहीच दुखत नाही, उलट फार छान जमले असे वाटते. त्यांच्याकडे शिक्षकाने दुप्पट लक्ष द्यावे. अशा मुलीला मी पोटरीच्या वरच्या भागामागे तिरपी वीट लावून देते आणि पोटरी विटेवर न रेलता मांडी वर खेचायला सांगते.

हात नडगीवर गुडघ्याच्या जरा खाली ठेवून त्यावर भार देणे ही अतिशय रूढ सवय आहे, आणि ती मोडलीच पाहिजे. वाकलेल्या धडाचा भार त्या हातातून नडगीवर उतरतो आणि गुडघ्याला मागे ढकलतो. हात घोट्यापर्यंत सहज पोहोचत नसेल तर पावलाच्या बाहेरच्या बाजूला वीट उभी ठेवावी. एक वीट पुरत नसेल तर दोन, तेही नाही तर खुर्चीची बैठक. हात टेकायचा तो तोल सांभाळण्यापुरता. भार पायांनी उचलायचा.

वर्गातलेच एक दृश्य सांगते. निवृत्तीनंतर योगाकडे वळलेल्या एक बाई हात घोट्याला लागलाच पाहिजे अशा निश्चयाने वाकल्या होत्या. उजवा गुडघा आत वळलेला, छाती जमिनीकडे तोंड करून, वरचा खांदा पुढे कोसळलेला, आणि श्वास रोखलेला. त्यांच्या हाताखाली उभी वीट ठेवली. हात नऊ इंच वर आला. लगेच गुडघा पावलाच्या दिशेत फिरवता आला, डावा खांदा मागे गेला आणि कॉटनच्या कुडत्याखाली बरगड्या श्वासाबरोबर हलताना स्पष्ट दिसू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नाराजी होती, वीट म्हणजे आपल्याला जमत नाही याची कबुली असे त्यांना वाटले होते. पण त्या दिवशी उजवीकडची त्यांची कूस कदाचित पहिल्यांदाच लांब झाली होती.

ही कूस म्हणजे या आसनाचे खरे मापन. काखेपासून खुब्यापर्यंतचे अंतर खालच्या बाजूला कमी झाले असेल, तर माणूस खुब्यातून न वाकता कमरेतून वाकला आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीपोटाच्या खोबणीत बसलेला असतो आणि त्या माथ्यावर ओटीपोट कलायला हवे. मांडीच्या आतले आणि मागचे स्नायू आखडलेले असले की ओटीपोट जागेवर अडते, आणि हात खाली न्यायचाच असा हट्ट असेल तर उरलेले अंतर कमरेचे मणके भरून काढतात. खालच्या बरगड्या दाबल्या जातात, वरची कूस फुगते, पाठ धनुष्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी कंबर धरली अशी तक्रार येते आणि दोष आसनाला दिला जातो.

इथे शिक्षकांतही मतभेद आहेत, ते वाचकाला कळले पाहिजेत. दोन काचांच्या मधे सपाट उभे असल्यासारखे आसन करा, दोन्ही खुबे भिंतीला लावा, असे अनेक ठिकाणी शिकवले जाते. काही शरीरांना ते मानवतेही. पण ओटीपोटाचा मागचा खुबा बळेच मागे धरून पुढची मांडी बाहेर फिरवली की माकडहाडाच्या वर, पाठीच्या खळ्यांपाशी जो सांधा आहे त्यावर पीळ पडतो. तिथे टोचल्यासारखे दुखत असेल तर मागचा खुबा थोडा पुढे येऊ द्यावा आणि छाती जेवढी फिरते तेवढीच फिरवावी. माझा कल स्पष्टपणे या बाजूला आहे. खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा माणसागणिक वेगळी असते. एका शरीरावर बसलेला आकार दुसऱ्यावर तंतोतंत बसवण्याचा आग्रह मला पटत नाही.

मानेबद्दल थोडक्यात. वरच्या हाताकडे पाहणे हा आसनाचा शेवटचा भाग आहे, आणि तो वगळला तरी आसन उणे होत नाही. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. ते आडवे तोलून वर फिरवायचे म्हणजे मानेला कष्ट आहेत. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनी समोर पाहावे, चक्कर येणाऱ्यांनी खाली पावलाकडे पाहावे. रक्तदाब जास्त असेल तर वरचा हात कमरेवर ठेवावा, थांबण्याचा वेळ कमी करावा आणि श्वास मुळीच रोखू नये. श्वास रोखणे हे खरे तर सर्वांसाठीच धोक्याचे निशाण आहे. श्वास अडला की आपण आपल्या मर्यादेच्या पलीकडे गेलो आहोत असे समजून दोन इंच वर यावे.

लाभांविषयी लिहिताना मला विशेष जपून लिहायचे आहे. कंबरेची चरबी झडते, मधुमेह बरा होतो, शरीरातली विषद्रव्ये निघून जातात, अशी वाक्ये या आसनाखाली सर्रास छापली जातात. एखाद्या ठिकाणची चरबी तिथलाच व्यायाम करून झडत नाही. मधुमेहाच्या माणसाने नियमित व्यायाम म्हणून आसने जरूर करावीत, पण औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये. योगाबद्दल प्रेम असणाऱ्यांनीच हे ठणकावून सांगायला हवे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे परिणाम क्ष-किरणांनी, रक्तदाबाच्या मोजमापांनी तपासायला घेतले. योगाचे दावे तपासून पाहण्याची ही चाल महाराष्ट्रात शंभर वर्षांची आहे. आपण ती सोडून आता दावे तपासल्याशिवाय छापावेत, हे शोभणारे नाही.

मग हाती काय लागते? पायांचे बळ, हे पहिले. मांडीचा पुढचा स्नायू, खुब्याच्या बाजूचे स्नायू, पोटरी आणि घोटा या आसनात एकाच वेळी काम करतात, तेही अवघड साधनांशिवाय. खुर्चीवर दिवस काढणाऱ्या माणसाचे नेमके हेच स्नायू सुस्तावलेले असतात. मांडीच्या आतली आणि मागची बाजू लांब होते, त्यामुळे वाकणे, मांडी घालणे, जिना उतरणे सुकर होते. बरगड्यांच्या मधले स्नायू ताणले जातात आणि कुशीत श्वास भरायला जागा होते. शरीर कुठे आहे, वजन कुठल्या पावलावर आहे याची डोळ्यांनी न पाहता होणारी जाणीव वाढते. वय झाल्यावर ही जाणीव फार मोलाची ठरते, कारण न्हाणीघरात पाय घसरताना विचार करायला वेळ नसतो.

कंबरदुखीबाबत वैद्यकीय चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष संयमाने वाचावे लागतात. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत योगाचा समावेश केला. ‘कॉक्रेन’च्या २०२२ च्या आढाव्यात अशा २१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांना आराम मिळाला, पण तो थोडा होता. इतर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही, आणि काहींची कंबर योगाने अधिक दुखलीही. या चाचण्या सबंध योगवर्गांच्या आहेत, एकट्या त्रिकोणासनाच्या नाहीत. मला हे निष्कर्ष निराश करत नाहीत. रोज घरच्या घरी, फुकट करता येणाऱ्या गोष्टीने एखाद्या जुन्या दुखण्यात थोडा जरी आराम पडला, तरी ज्याचे दुखते त्याच्या दृष्टीने ते थोडे नसते. आणि ज्यांचे दुखणे वाढले, त्यांच्यापायीच तर ‘कसे करावे’ यावर इतकी पाने खर्च केली आहेत.

कंबरेतून पायात कळ उतरत असेल, मुंग्या येत असतील, चकती सरकल्याचे निदान झाले असेल, गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, तर पुस्तक वाचून हे आसन सुरू करू नये. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, मग जाणता शिक्षक. गरोदरपणात भिंतीला पाठ टेकवून आणि खुर्चीचा आधार घेऊन काही जणी हे आसन करतात, पण तेही शिक्षकाच्या नजरेखालीच. आसनात ‘ताण’ आणि ‘कळ’ यांतला फरक ओळखायला शिकावे. मांसल भागात पसरत जाणारा ताण चालतो. सांध्यात, एका बिंदूवर, सुईसारखे दुखले की तत्काळ वर यावे.

घरी करणाऱ्यांसाठी जमीन हा मोठा प्रश्न असतो. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून पाय फाकवणे म्हणजे जांघ ओढली जाण्याला आमंत्रण. सतरंजी सरकते, म्हणून रबरी मॅट घ्यावी, ती नसेल तर अनवाणी, कोरड्या, खरखरीत फरशीवर उभे राहावे आणि मागच्या पावलाची बाहेरची कड भिंतीला लावावी. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. पहाटे अंग आखडलेले असते, संध्याकाळी ते मोकळे असते, म्हणून सकाळी वीट उंच आणि संध्याकाळी आडवी असे झाले तर त्यात काही गैर नाही. प्रत्येक बाजूला २० ते ३० सेकंद पुष्कळ झाले.

पुढच्या पानांचा क्रम याच हिशेबाने लावला आहे. पहिल्या प्रकरणात वाकायचेच नाही. भिंतीशी उभे राहून पाऊल वळवणे, वाटी वर खेचणे आणि तळव्यावरचे वजन ओळखणे एवढाच त्यातला अभ्यास आहे, आणि तो निदान आठवडाभर करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दुसऱ्यात खुर्ची, तिसऱ्यात वीट. चित्रांत हात शक्यतो उंच ठेवूनच आसन दाखवले आहे. शेवटचे प्रकरण आसन सोडण्यावर आहे, कारण दमलेल्या अवस्थेत, घाईने, मान आधी उचलून वर येताना पाठीत उसण भरण्याची शक्यता फार. वर येताना नजर आधी खाली आणावी, मागच्या टाचेवर भार द्यावा, श्वास घेत त्या पायाच्या जोरावर धड उचलावे, पावले समांतर करावीत आणि श्वास पूर्ववत होईपर्यंत उभे राहावे. मग दुसरी बाजू घ्यावी.